हवा काय कुणाच्या बापाची आहे?

"अरे, हवेतल्या लहरी काय कुणाच्या बापाच्या आहेत?"

हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत निदान पाच वेळा ऐकलंय. बोलणारा दर वेळी वेगळा, सूर मात्र तोच. जागाही तीच, कुणाच्या तरी घरचं बेसमेंट. चहाचे कागदी कप, मधे चिवड्याची परात आणि मंडळाच्या कमिटीची मीटिंग. विषय, वायरलेस माईक. गेल्या महिन्यात हे सहाव्यांदा ऐकलं आणि मी घरी येऊन लिहायला बसलो. बरेच दिवस ब्लॉगवर काही लिहिलं नव्हतं. राग आला की लिहिणं सोपं जातं :)

माझे नातेवाईकही हे वाचतात, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी. मी मध्य न्यू जर्सीत राहतो. दिवसा पोटासाठी डेटाबेस सांभाळतो आणि गणपती, दिवाळी, संक्रांत आणि वर्षातलं एक नाटक एवढ्यापुरता आमच्या मंडळाचा 'साऊंडवाला' असतो. मानधन म्हणजे दोन वडापाव आणि मागच्या रांगेतून येणारी "आवाज येत नाहीये!" ही आरोळी. तक्रार नाही. हौसेला मोल नसतं.

तर आमच्याकडे सहा वायरलेस माईक होते. चार इथेच २०१३ साली घेतलेले. दोन मी स्वतः मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून, सुटकेसमध्ये स्वेटरच्या घडीत गुंडाळून आणलेले. त्या दिवशी केवढा खूश होतो मी! इथल्या निम्म्या किमतीत काम झालं होतं. माईकच्या मागे ६७० ते ६९० च्या दरम्यानचे आकडे होते, मेगाहर्ट्झमध्ये. मी ते वाचले आणि सोडून दिले. म्हणजे या लेखात ज्यांच्यावर मी तोंडसुख घेणार आहे त्यांच्यात पहिला नंबर माझा, हे आधीच कबूल करतो.

आता दिवाळी २०२२. कोरोनानंतर पहिल्यांदा शाळेचं मोठं ऑडिटोरियम मिळालं होतं. मुलांनी 'हिरकणी' बसवली होती. दुपारी तीनला साऊंडचेक केला. सहाही माईक स्वच्छ, काचेसारखे. साडेपाचला हॉल भरला, साडेतीनशे माणसं. पडदा उघडला आणि दहाव्या मिनिटाला खरखर सुरू झाली. हिरकणी झालेली नऊ वर्षांची मुलगी रायगडाच्या दारावर उभी राहून पहारेकऱ्यांना विनवतेय, बाळ घरी एकटं आहे, दार उघडा. आणि स्पीकरमधून येतंय खर्रर्र... "बाळ"... खर्रर्र... "उघडा". मग तेही बंद. तिचे आजोबा साताऱ्याहून आले होते, पहिल्या रांगेत बसले होते. पोरीने हुशारी केली, माईक विसरून ओरडून बोलली. पण नऊ वर्षांचा गळा तो, साडेतीनशे माणसांच्या हॉलला कसा पुरणार? कार्यक्रमानंतर आजोबा माझ्यापाशी आले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "ती काय बोलली ते मला सांगाल का?"

त्या रात्री झोप लागली नाही. मग मी जे पहिल्या दिवशी वाचायला हवं होतं ते वाचायला घेतलं.

गोष्ट अशी आहे. वायरलेस माईक हा छोटासा रेडिओ ट्रान्समीटर. तो इथे पूर्वापार टीव्हीच्या रिकाम्या चॅनेलांमध्ये चालत आलाय. अमेरिकेत टीव्हीचं एक चॅनेल म्हणजे ६ मेगाहर्ट्झची खोली. ज्या गावात ज्या खोलीत स्टेशन नाही, तिथे माईक पथारी पसरणार. पण १२ जून २००९ ला टीव्ही पूर्ण डिजिटल झाला, स्टेशनं खाली सरकली आणि वरच्या खोल्या, ६९८ ते ८०६, रिकाम्या करून मोबाईल कंपन्यांना आणि पोलीस-अग्निशामक दलांना दिल्या गेल्या. १२ जून २०१० पासून त्या पट्ट्यात माईक वापरणं बंद. मग दुसरा लिलाव २०१६ मध्ये सुरू झाला आणि २०१७ मध्ये संपला. त्यात ६१४ ते ६९८ हा पट्टा गेला. माईकवाल्यांना ३९ महिन्यांची मुदत मिळाली. ती संपली १३ जुलै २०२० ला.

तारीख बघा. जुलै २०२०! सगळे घरात कोंडलेले, हॉल बंद, माईक कपाटात. मुदत आली आणि गेली, कुणाच्या लक्षातही आलं नाही. दोन वर्षांनी कपाट उघडलं तेव्हा माईक तेच होते, हवा मात्र विकली गेली होती.

आणि खरखर कशामुळे? त्या विकलेल्या पट्ट्यात ६१७ ते ६५२ वर टॉवर बोलतो आणि ६६३ ते ६९८ वर तुमचा-आमचा फोन बोलतो. हे पुन्हा वाचा. ६६३ ते ६९८ वर फोन बोलतो. आमचे माईक नेमके तिथे. दुपारी हॉल रिकामा होता तेव्हा सगळं शांत. साडेपाचला साडेतीनशे खिसे आणि पर्सेस आत आल्या. सगळेच फोन काही हा पट्टा वापरत नाहीत, पण जे वापरतात ते जाड भिंतींच्या आत, सिग्नल कमी असताना, हाच वापरतात. कारण कमी फ्रिक्वेन्सी भिंतीतून चांगली शिरते. माईकची ताकद १० ते ३० मिलीवॅट, फोन २०० मिलीवॅटपर्यंत जातो. हिरकणीचा आवाज कुणी दाबला, तर तिचं शूटिंग करून लगेच भारतात पाठवणाऱ्या तिच्याच काका-मामांनी. त्यांची काहीच चूक नाही. ते त्यांच्या जागेत होते, घुसखोर आम्ही होतो.

इथवर ऐकलं की कमिटी म्हणते, "बरं, म्हणजे आवाज खराब येतो एवढंच ना? दुसरी फ्रिक्वेन्सी लाव."

नाही, एवढंच नाही. उलट बाजू बघा. टॉवर हा कान देऊन बसलेला असतो. दूर कुठेतरी, कुणाच्या तरी तळघरातून येणारा फोनचा क्षीण आवाज तो टिपत असतो. त्याच्या जवळच्या हॉलमध्ये आमचा माईक तीन तास त्याच फ्रिक्वेन्सीवर अखंड बोलतोय. फोन निदान थांबून थांबून बोलतो, माईक एक क्षणही गप्प बसत नाही, स्टेजवर कुणी बोलो न बोलो. त्या वेळी आसपास कुणाचा ९११ ला लावलेला फोन तुटला असेल का? बहुधा नसेल. पण मला ते कधीच कळणार नाही, आणि ज्याचा तुटला त्यालाही कारण कळणार नाही. नेमकं हेच मला टोचतं. ज्या अपराधाचा फिर्यादीच तयार होऊ शकत नाही, तो करायला आपल्याला सगळ्यात सोपं जातं.

आता एकेक युक्तिवाद घेतो. सगळे मी कानांनी ऐकलेले आहेत.

पहिला, "कोण बघतंय?" खरं आहे, कुणीच बघत नाही. मला इतक्या वर्षांत कुणी पकडलं नाही आणि संक्रांतीच्या कार्यक्रमात एफसीसीची गाडी दाराशी येईल असंही नाही. पण मंडळी, रात्री दोन वाजता निर्मनुष्य रस्त्यावर स्टॉपच्या पाटीपाशी पूर्ण थांबणारे आपण! भारतातून पाहुणे आले की त्यांना हेच कौतुकाने दाखवणारे आपण! मग जी पाटी डोळ्यांना दिसत नाही तिथे आपली शिस्त कुठे जाते? म्हणजे ती शिस्त नव्हतीच, कॅमेऱ्याची भीती होती.

दुसरा, "इतकी वर्षं चाललं की!" हो, चाललं. कारण तेव्हा ती जागा मोकळी होती. काकांच्या प्लॉटवर आपण लहानपणी क्रिकेट खेळलो, म्हणून आता तिथे बिल्डिंग झाल्यावर कुणाच्या हॉलमध्ये स्टंप ठोकायचे का?

तिसरा, "मुंबईत हेच माईक चालतात." चालत असतील. तिथली हवा वेगळी वाटलेली आहे. भारतात टीव्हीचं यूएचएफ चॅनेल ८ मेगाहर्ट्झचं, इथे ६ चं. भारतात ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात पहिल्यांदा मांडला आणि त्यावर कुणी बोलीच लावली नाही. इथे त्याच पट्ट्यासाठी काही वर्षं आधी कंपन्यांनी अब्जावधी डॉलर मोजले होते. एकच आकडा, दोन देश, दोन अर्थ. शिवाय इथे चालवायच्या माईकला एफसीसीची मान्यता लागते, मागे तसा नंबर असतो. माझ्या सुटकेसमधल्या दोघांवर तो नव्हता. गाडी तिकडची आणली तर स्टिअरिंग उजवीकडे असतं, ते निदान दिसतं तरी.

चौथा युक्तिवाद मात्र वजनदार आहे, आणि तो करणारे आमचे ज्येष्ठ सभासद मला मनापासून आवडतात. ते म्हणाले, "अरे, लिलावात १९.८ अब्ज डॉलर आले. दहा अब्ज टीव्ही स्टेशनवाल्यांना जागा सोडल्याबद्दल मिळाले. सात अब्जांहून जास्त सरकारी तिजोरीत गेले. स्टेशनांना हलायचा खर्चसुद्धा वेगळा दिला. आणि चर्च, शाळा, आपल्यासारखी मंडळं? आपले चांगले चालू माईक एका रात्रीत भंगार झाले, आपल्याला काय मिळालं? २०१० ला एकदा हाकललं, २०२० ला पुन्हा. गरिबानेच का कायदा पाळायचा?"

यावर माझ्याकडे तोडीचं उत्तर नाही, कारण ते बरोबर बोलतायत. माईक बनवणाऱ्या काही कंपन्यांनी जुना माईक परत घेऊन नव्यावर सूट दिली होती, पण ती त्यांची विक्रीची सोय. सरकारकडून दमडी मिळाली नाही. शिवाय रीतसर लायसन्स, म्हणजे काही प्रमाणात संरक्षण, ब्रॉडकास्टर आणि सिनेमावाल्यांना, आणि २०१४ पासून नेहमी ५० किंवा जास्त वायरलेस माईक वापरणाऱ्या मोठ्या थिएटरांना आणि साऊंड कंपन्यांना. सहा माईकवाल्याने कुणाकडे जायचं? हा अन्याय आहे, मी तो अन्यायच म्हणतो. आपल्या काँग्रेसमनला पत्र लिहा, मीही सही करतो.

पण अन्यायाचं उट्टं कुणावर काढायचं? लिलाव ज्यांनी केला त्यांच्यावर आपली खरखर जात नाही. ती जाते शेजारच्या इमारतीत फोन लावणाऱ्या बाईवर. तिने आपलं काय घोडं मारलं होतं? कुणीतरी हिरकणीचाच दाखला दिला, "तिनेही नियम मोडलाच की!" हो, पण ती स्वतःचा जीव धोक्यात घालून कडा उतरली. तिने सगळ्या गडाचं दार फोडून ठेवलं नाही.

आणि आता ते वाक्य. हवा काय कुणाच्या बापाची आहे?

आहे! सगळ्यांच्या बापाची आहे. आणि हे मी अमेरिकेत शिकलो नाही. भारताच्या सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी १९९५ मध्ये, क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात, हवेतल्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं स्पष्ट सांगितलं. त्यातला प्रमुख निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते पी. बी. सावंत, आपले मराठी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की या लहरी मर्यादित आहेत, म्हणून त्यांचा वापर सगळ्यांच्या हिताने, नियमाने व्हायला हवा, आणि सरकारचीही त्यावर मक्तेदारी नको. मला हे फार पटतं. 'कुणाच्या बापाची नाही' आणि 'सगळ्यांची आहे' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं म्हणणारा नदीत कचरा टाकतो, दुसरं म्हणणारा टाकत नाही.

पाचवा युक्तिवाद, "पैसे नाहीत." यावर मी जास्त बोलत नाही. त्याच मीटिंगमध्ये दिवाळीच्या जेवणात श्रीखंड आणि गुलाबजाम दोन्ही असावेत हा ठराव अडीच मिनिटांत पास झाला.

टीका करणं सोपं असतं, मग करायचं काय, असं बायकोने हे वाचून विचारलं. तर ऐका. कायदा आपल्याला वाटतो तितका खडूस नाही. २०१० पर्यंत खरं तर इथली बहुतेक चर्च, शाळा, मंडळं कागदावर बेकायदाच होती, कारण परवाना मिळायचा तो ब्रॉडकास्टर आणि सिनेमावाल्यांसारख्या मोजक्यांनाच. २०१० मध्ये एफसीसीने साध्या माणसालाही विनापरवाना वापराची मुभा दिली. फॉर्म नाही, फी नाही, ५० मिलीवॅटच्या आत राहा, मोकळं चॅनेल शोधा, टीव्हीला त्रास देऊ नका आणि स्वतःला झाला तर तक्रार करू नका. एवढंच.

आधी माईकच्या मागची चिठ्ठी वाचा. पट्टा ४७० ते ६०८ च्या आत हवा. ६०८ ते ६१४ ला हातही लावू नका. तिथे रेडिओ दुर्बिणी आकाश ऐकतात आणि हॉस्पिटलात रुग्णांच्या हृदयाचे ठोके वायरलेसने नर्सपर्यंत जातात. त्याच्या वर विनापरवाना माईकला दोनच फटी शिल्लक आहेत, ६१४ ते ६१६ आणि ६५७ ते ६६३. तिथेही ताकद २० मिलीवॅटच्या आत. काही माईक स्वस्तात 'वाईड बँड' म्हणून ४७० पासून ६९८ पर्यंत सगळं घेतात. विकणारा विकतो, डायल फिरवणारे आपण असतो.

मग ४७० ते ६०८ मध्ये कुठेही चालेल का? नाही, आणि ही गंमत आपल्या न्यू जर्सीवाल्यांनी खास लक्षात ठेवायची. ४७० ते ५१२ मधले काही भाग अमेरिकेतल्या अकरा मोठ्या शहरांच्या भोवती पोलीस आणि अग्निशामक दलाच्या वॉकीटॉकींना दिलेले आहेत. न्यूयॉर्कभोवती ४७० ते ४८८, फिलाडेल्फियाभोवती ५०० ते ५१२. आम्ही बरोबर मधे, दोन्हीकडून मार. म्हणजे आमच्यासाठी ४८८ ते ५००, आणि ५१२ ते ६०८, त्यातूनही दोन्ही शहरांची टीव्ही स्टेशनं वजा. माईक कंपन्यांच्या साईटवर झिपकोड टाकला की मोकळी चॅनेलं कळतात. दहा मिनिटांचं काम आहे.

त्यानंतर माईक एकमेकांशी भांडू नयेत हे बघायचं. समजा तिघांना ५४०, ५४०.५ आणि ५४१ असं टापटिपीत सारख्या अंतराने बसवलं. पहिल्या दोघांचे ट्रान्समीटर जवळ आले की त्यांच्यातून भलतीच फ्रिक्वेन्सी जन्मते. दुसरीची दुप्पट वजा पहिली, म्हणजे १०८१ वजा ५४०. उत्तर ५४१. तिसऱ्याच्या थेट डोक्यावर! म्हणून अंतरं विषम ठेवायची. स्वतः डोकं चालवायचं नसेल तर सगळे माईक कंपनीने दिलेल्या एकाच 'ग्रुप'मधल्या चॅनेलांवर लावा, त्यांनी हा हिशोब करून ठेवलेला असतो. आणि स्कॅन करायचा तो हॉलमध्येच, आपले सगळे माईक बंद ठेवून.

दोन-तीनच माईक लागत असतील तर १.९ गिगाहर्ट्झचे डेक्ट पद्धतीचे घ्या, पण इथलेच. युरोपातल्या डेक्टचा पट्टा वेगळा आहे. २.४ गिगाहर्ट्झही कायदेशीर, पण तिथे वायफाय आणि ब्लूटूथची जत्रा असते. आणि सगळ्यात कायदेशीर, सगळ्यात स्वस्त, बॅटरी न लागणारं उपकरण म्हणजे वायर. निवेदकाला वायरलेस कशाला हवा? तो तीन तास एकाच जागी उभा असतो!

गेल्या महिन्यातल्या मीटिंगमध्ये हे सगळं सांगितलं. गेल्या तीन वर्षांत मी पदरचे दोन सेट घेतलेत, बाकी वायरवर भागवतो, पण या दिवाळीला मोठं नाटक आहे आणि 'ते जुने सहा बाहेर काढ' असा आग्रह आहे. मतं घेतली. 'पुढच्या वर्षी बघू' हा पक्ष जिंकला. म्हणून इथे जाहीर लिहितोय, कमिटीतले चौघे हा ब्लॉग वाचतात हे माहीत असून. ते सहा माईक माझ्या गॅरेजमध्ये आहेत आणि तिथून ते इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या केंद्रावर जातील, स्टेजवर नाही. मंडळाच्या चार माईकचे पैसे माझ्याकडून कापून घ्या. आणि तरीही कुणी तसलेच दुसरे आणून लावणार असेल, तर मिक्सरवर बसायला दुसरा माणूस बघा. मी प्रेक्षकांत बसेन, वर्गणी भरेन, टाळ्याही वाजवीन.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. सहा माईकांनी अमेरिका बुडत नाही. पण आपण आपल्या मुलांना दर रविवारी मराठी शाळेत नेतो ते नुसती बाराखडी शिकवायला नाही ना? स्टेजवर ती संस्कारांवर भाषण करणार आणि तेच भाषण चोरीच्या हवेतून लोकांपर्यंत पोचणार. हे मला जमणार नाही.

असो. फार झालं.

ता.क. - नाशिकच्या मावशीसाठी. तू डिसेंबरात येतेस तेव्हा 'तुला माईक आणू का' असं विचारलंस, प्रेमाने विचारलंस हे कळलं. नको. सुटकेसमधल्या त्या जागेत कोंडाजीचा चिवडा आण. त्याला कुठलीच फ्रिक्वेन्सी लागत नाही :)